चिमटा मॅडम

पहिल्या दिवशी मॅडमनी माझं नाव विचारायच्या आधी मला चिमटा काढला. टी-शर्टवरूनच, कमरेच्या जरा वर. अंगठा आणि तर्जनीत माझं मांस धरून त्या क्षणभर थांबल्या, मग दंडाची मागची बाजू, मग मांडी. डोळे मिटलेले. "सत्तावीस टक्के," त्या म्हणाल्या. "अठ्ठावीस नाय. हं, नाव काय तुझं?"

जिममधल्या बायका त्यांना मागून चिमटा मॅडम म्हणायच्या आणि हे त्यांना ठाऊक होतं. आडगाव नाक्याजवळ एका हार्डवेअरच्या दुकानावर ती जिम होती. सकाळी सहाची लेडीज बॅच मॅडमची. पन्नाशी ओलांडलेल्या, बुटक्या, खांद्यांनी रुंद, अर्धी पांढरी वेणी, ट्रॅक पँटवर सुती कुर्ता. मूळच्या सिन्नरकडच्या एका खेड्यातल्या. तरुणपणी पॉवरलिफ्टिंगमध्ये राज्यापर्यंत गेलेल्या. डावा पाय किंचित ओढत चालायच्या. कुणी विचारलंच, तर "स्कूटरवरून पडले" एवढंच सांगायच्या.

जिमच्या मालकांनी चरबी मोजायचं एक मशीन आणलं होतं. अनवाणी उभं राहायचं, दोन दांडे धरायचे, की चिठ्ठी बाहेर येते. मॅडम त्याच्या दांड्यांवर ओले नॅपकिन वाळत घालायच्या. "पाणी पिऊन उभी राहा, एक सांगंल. संडासला जाऊन ये, दुसरं सांगंल," त्या म्हणायच्या. मी तेव्हा पिंपळगावला एका पॅकहाऊसमध्ये द्राक्षांची तपासणी करायचे, हे कळल्यावर त्यांना फार आनंद झाला. "मग मला सांग, गोडीचं मीटर लावायच्या आधी तू मणी तोंडात टाकतीस का नाय?" टाकत होतेच. "झालं तर! मीटर नंतर."

पण चिमटा म्हणजे निम्मंच काम, असं त्यांचं म्हणणं होतं. उरलेलं निम्मं त्या प्रश्न विचारून काढायच्या. झोप लागली का. जिना चढताना दम लागला का. घरी कुणावर खेकसलीस का. हात गार पडतात का. आणि पाळी कधी आली. हा शेवटचा प्रश्न त्या बारवर प्लेटा चढवता चढवता, सगळ्यांच्या देखत विचारायच्या. पहिल्यांदा मी कानापर्यंत लाल झाले. "लाजू नको गं," त्या म्हणाल्या. "तुझ्या अंगाची हजेरी असती ती. हजेरी लागली नाय तर मास्तरनं चौकशी करायची का नको?"

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि दहावीपासून रोज सकाळी आरशापुढे एका अंगाला वळून उभी राहत होते. पोट आत ओढून एकदा, सोडून एकदा. लग्नाला जायचं म्हटलं की आठ दिवस आधी जेवण निम्मं. घरात मी आणि आई दोघीच. तिला वाटायचं, पोरीला नटायची हौस आहे. हौस नव्हती ती, धास्ती होती. जिममध्ये गेले तीही त्या धास्तीपायीच. चरबी लवकर उतरवून मिळेल, या आशेनं.

सगळ्याजणी मॅडमना विचारायच्या, कट करू का बल्क, म्हणजे चरबी उतरवू का आधी वजन वाढवू? मॅडम स्वतः हे शब्द वापरायच्या नाहीत. त्या "काढायचं" आणि "घालायचं" म्हणायच्या. माझ्या बाबतीत दोन महिन्यांनी निकाल लागला, "घालायचं." मी तिथंच रडायला लागले. सत्तावीस टक्के चरबी असलेल्या मुलीला अजून खायला सांगतात म्हणजे काय! मॅडमनी माझा दंड धरला. "हे बघ, चरबीच्या खाली काहीच नाय तुझ्या. आडात नाय ते पोहऱ्यात कुठून येणार? आधी सहा महिने भर. मग उतरवू."

मी हो म्हटलं आणि डब्यातल्या दोन भाकऱ्यांपैकी एक पॅकहाऊसमधल्या मावशींना देऊ लागले. तीन आठवड्यांनी मॅडम म्हणाल्या, "बार जागचा हलंना. तू खात नायस." बोलल्या एवढंच. पण दुसऱ्या दिवसापासून बॅच सुटली की त्या माझ्यासोबत जिमच्या जिन्यावर बसू लागल्या. त्यांचा डबा, माझा डबा. माझं संपेपर्यंत त्या उठायच्या नाहीत. घास गिळताना माझ्या छातीत धडधडायचं. मॅडम रस्त्यावरचे टेम्पो बघत बसायच्या, माझ्याकडे बघायच्या नाहीत. ते त्यांनी मुद्दाम केलेलं होतं, हे मला फार उशिरा समजलं.

सहा महिन्यांत माझं वजन सहा किलोंनी वाढलं. जीन्स बसेनात. पण मी माझ्याहून जड बार खांद्यावर घेऊन बसून उठू लागले. खांदे भरले, पाठ रुंद झाली. आई म्हणाली, "चालताना कशी ताठ दिसतीस आता." आयुष्यात पहिल्यांदा मी दोन-दोन दिवस आरसा विसरायचे.

मग दिवाळीनंतर मॅडमनीच विषय काढला. मार्चमध्ये जिल्ह्याची शरीरसौष्ठव स्पर्धा होती, मुलींचा गट होता. त्यांच्या हाताखालची एकही मुलगी आजवर स्टेजवर गेली नव्हती. "तू जाशील," त्या म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांचा आवाज जरा बदलला. उतरवायला सुरुवात झाली. दर सोमवारी चिमटा. सव्वीस, चोवीस, बावीस. "सतराच्या खाली तुला न्यायचं नाय. तिथून खाली तुझं अंग नाय," हे त्यांनी पहिल्याच सोमवारी बजावलं होतं.

घात झाला तो माझ्या मोबाईलमुळे आणि त्यांच्या "वा"मुळे. मोबाईलवर मी रात्रंदिवस स्टेजवरच्या मुली बघायचे, कातडीखाली एकेक शीर दिसणाऱ्या. आणि सोमवारी आकडा उतरलेला लागला की मॅडम डोळे उघडून "वा" म्हणायच्या. त्या एका शब्दासाठी मी आठवडा काढायचे. त्यांच्या नकळत मी तेल बंद केलं, भाकरी अर्धी केली, संध्याकाळी चामरलेणीच्या पायऱ्या चढू-उतरू लागले. जानेवारीत पाळी चुकली. मॅडमनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "आली." खोटं इतकं सहज निघालं की माझं मलाच आश्चर्य वाटलं. फेब्रुवारीतही म्हटलं, "आली."

त्या दिवसांत मला सतत थंडी वाजायची. उन्हात दोन स्वेटर. कंगव्यात केसांचा पुंजका. पॅकहाऊसमध्ये पेटीवरचा नंबर वाचायचे आणि वहीपाशी जाईपर्यंत विसरायचे. आईनं एकदा वरणावर चमचाभर तूप घातलं म्हणून मी वाटी मोरीत ओतली. ती नुसती मोरीकडे बघत राहिली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सकाळी साडेसहाला आई जिमचा जिना चढून आली. आयुष्यात ती तिथं आली नव्हती. पदर खोचलेला, दम लागलेला, हातात पॅडचं पुडकं. बायका व्यायाम थांबवून बघू लागल्या. आई सरळ मॅडमपुढे जाऊन उभी राहिली.

"बाई, हे पुडकं मी नवीन वर्षाला आणलं होतं," ती म्हणाली. "अजून फोडलेलं नाय. तुम्हीच सांगा काय समजायचं ते."

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला कपडे बदलायच्या खोलीत नेऊन दार लावलं. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. पण त्या बाकावर बसल्या आणि बराच वेळ स्वतःचा डावा गुडघा चोळत राहिल्या.

"स्कूटर-बिटर काय नव्हती," त्या म्हणाल्या. "मी मोरीत घसरले. एवढ्याशा घसरण्यानं खुबा मोडला. अडतीस वर्षांची होते. डॉक्टर म्हणाले, हाडं सत्तरीच्या बाईची हायेत. खालच्या वजनगटात खेळायचं म्हणून वर्षानुवर्षं उपाशी राहिले होते मी. पोरगी झाल्यावर परत तेच. पाळी जायची, मला बरंच वाटायचं. कटकट गेली."

मी स्वेटरच्या बाह्या मुठीत ओढून घेतल्या.

"आणि ऐक. तू खोटं बोललीस, पण मी फसले नव्हते. उपाशी अंगावर येती तशी लव तुझ्या हातावर आली होती, कातडं चिमटीत कागदासारखं लागत होतं. मला कळलं होतं, वैशू. पण खोदून विचारलं नाय. विचारलं असतं तर थांबवावं लागलं असतं. माझी पोरगी स्टेजवर उभी राहावी, असं मला लय वाटत होतं."

त्याच दिवशी त्यांनी माझं नाव मागे घेतलं. मला त्यांचं दुःख दिसलं नाही, फक्त तीन आठवड्यांवर आलेली स्पर्धा दिसली. मी त्यांना नको नको ते बोलले. तुमचा पाय मोडला म्हणून माझे पाय बांधता का, असंही म्हणाले. मॅडमनी मान खाली घातली. मी दुसऱ्या जिममध्ये गेले, तिथल्या ट्रेनरच्या नावावर अर्ज भरला आणि स्टेजवर उभी राहिले.

माझा दुसरा नंबर आला. पदक गळ्यात घालून विंगेत आले, तिथं मोठा आरसा होता. सवयीनं एका अंगाला वळले. मला पोट दिसलं. लोक बाहेर टाळ्या वाजवत होते आणि मी आरशासमोर उभी राहून ठरवत होते की उद्यापासून अजून कमी खायचं. त्या क्षणाची मला आजही भीती वाटते. पुढे माझा पाय मोडला, त्याची एवढी वाटत नाही.

पाय मोडला एप्रिलमध्ये. पॅकहाऊसच्या फलाटावरून खाली उतरले, उडीसुद्धा नव्हती, आणि नडगीत काडकन आवाज झाला. डॉक्टरांनी हाडांची तपासणी करायला लावली आणि रिपोर्ट वाचून माझं वय पुन्हा विचारलं.

प्लास्टर घालून घरी आले त्याच्या तिसऱ्या दिवशी दारात मॅडम. कुणी कळवलं देव जाणे. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. आईसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "ताई, चूक माझी हाय."

आई म्हणाली, "चूक कुणाची ते राहू द्या आता. हिला खायला कसं घालायचं, तेवढं सांगा."

मग मॅडम दर रविवारी येऊ लागल्या. आई स्वयंपाक करायची, मॅडम माझ्या शेजारी बसून जेवायच्या. चिमटा कधी काढला नाही. वजनाचा विषय नाही. कधी मी ताट सरकवून द्यायचे, कधी रडायचे, एकदा तर ताटच भिरकावलं. मॅडमनी खाली सांडलेलं गोळा केलं आणि आईला म्हणाल्या, "दुसरं वाढा." मोडलेलं हाड जुळायला चार महिने लागले. पाळी यायला अकरा. आली त्या दिवशी आईनं शिरा केला आणि मला न विचारता मॅडमना फोन लावला. फोनवर दोघी काय बोलल्या मला माहीत नाही, पण आई मोठ्यानं हसत होती.

स्पर्धेसाठी मुली तयार करायचं मॅडमनी त्यानंतर सोडलं ते सोडलंच. दोन वर्षांनी खुबा पुन्हा दुखू लागला, जिना चढवेना, तेव्हा त्यांनी बॅचही सोडली. आता त्या सुरतेला मुलीकडे असतात. जाण्यापूर्वी त्या काही दिवस सिन्नरला त्यांच्या जुन्या घरी होत्या. सामान आवरायला मदत म्हणून मी गेले होते.

पलंगाखालून ट्रंक ओढली तर मागून वजनकाटा निघाला. साधा, काचेचा, बोटांच्या ठशांनी मळलेला. मी त्यांच्याकडे बघितलं.

"रोज?" मी विचारलं.

"रोज. सकाळी एकदा, झोपताना एकदा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी नजर चोरली नाही. "तुला काय वाटलं, माझी भीती गेली? साठीला आले मी. नाय जात ती. तुझीपण जायची नाय कदाचित, खोटं कशाला सांगू."

मला राग यायला हवा होता. इतके रविवार ही बाई माझ्या शेजारी बसून जेवली, तेव्हा तिचीही छाती धडधडतच होती तर! राग आला नाही. मला एकदम खूप हलकं वाटलं आणि त्याच वेळी, साठीपर्यंत हेच, अशी भीतीही वाटली. दोन्ही एकदम झालं.

दुपारी त्यांनी चुलीवर भाकऱ्या थापल्या. भांडी बहुतेक बांधून झाली होती, म्हणून एकाच परातीत पिठलं घेऊन आम्ही समोरासमोर बसलो. एकेक भाकरी संपली. टोपल्यात दोन उरल्या होत्या. मी टोपल्याकडे बघितलं, मॅडमनीही बघितलं. दोघींपैकी कुणाचाच हात पुढे होईना.

"पोट भरलं का तुझं?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "तुमचं?"

"नाय."

मग टोपलं मध्ये ओढून त्यांनी एक भाकरी माझ्यापुढे टाकली, एक स्वतः घेतली. "चल," त्या म्हणाल्या, "तू तोड, मग मी तोडते."

मी तोडली.