मागं चालणाऱ्याला दिसत नाही

डान्सच्या क्लासला पहिल्यांदा जाताना पायांत काय घालावं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी सेफ्टी शूज घालून गेलो. चाकणच्या कंपनीत आठ तास घालून उभा असतो तेच, पुढं लोखंडी टोपी असलेले. पहिली शिफ्ट सुटली, बस पकडली आणि रहाटणीत हार्डवेअरच्या दुकानावरचा हॉल शोधत सरळ जिना चढलो. शिकवणाऱ्या मॅडम वयानं माझ्याहून लहान होत्या. त्यांनी माझ्या पायांकडं पाहिलं.

"भाऊ, याच्याखाली कुणाचा पाय आला तर?"

"मॅडम, हे पाय वाचवायलाच असतात."

"तुमचे वाचतील हो. समोरच्याचं काय?"

सगळे हसले. मी बूट काढून मोज्यांवर उभा राहिलो. फरशीवर मोजे घसरतात, हे मला त्यानंतर कळलं. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यानं साधे कॅनव्हासचे बूट न्यावेत. शिफ्टवरून थेट जात असाल तर एक धुतलेला शर्टही. ऑइलचा वास आपल्याला येत नाही, समोरच्याला येतो.

मी तिथं हौसेनं गेलो नव्हतो. माझं लग्न ठरलं होतं. गावाकडं, हिंगोलीजवळ. मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आणि मी आठवीतून बाहेर पडलेला. साखरपुड्याच्या दिवशी पलीकडच्या खोलीत तिच्या मावसबहिणी खिदळत होत्या. "दाजी सही करतेत का गं, का अंगठा?" तिनं काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. पुढं महिन्याभरानं ती फोनवर म्हणाली, "मला दागिना नको, काही नको. फक्त स्टेजवर आपण दोघांनी नाचायचं. वरातीतलं नाही, हातात हात घेऊन." मी हो म्हणालो आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली. त्याच मावसबहिणी पुढच्या खुर्च्यांवर बसणार होत्या. माझ्यामुळं हिची मान खाली जाऊ नये, एवढंच डोक्यात होतं. रूममधल्या मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "राव, तू तिला नाचवणार का ती तुला?"

क्लासमध्ये सगळ्यांना जोडीदार मिळाला आणि मी उरलो. माझ्यासारख्याच एक काकू उरल्या होत्या. साठीच्या पुढच्या, पंजाबी ड्रेस, एका गुडघ्याला पट्टा. मूळच्या रहाटणीच्याच. मला वाटलं, या कुणाला तरी सोडायला आल्या असतील. त्या पुढं आल्या आणि दोन्ही हात माझ्यासमोर धरले.

"सुनंनं नाव घातलंय माजं. म्हनली, गुडघं मोकळं व्हतील. तुजं काय?"

"लग्न आहे, काकू."

"मग माज्यापेक्षा अवघड हाय."

मॅडमनी "एक" म्हणताच मी काकूंचे दोन्ही तळवे जोरात खाली दाबले. इथं थोडं सांगायला हवं. मी पत्र्याला आकार देणाऱ्या पॉवर प्रेसवर काम करतो. त्या मशीनला दोन बटणं असतात. दोन्ही तळव्यांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे हात मध्ये सापडत नाही. सहा वर्षं हाताला तीच सवय, आणि पाय मात्र जागचे हलवायचे नाहीत. काकू ओरडल्या, "आरं, मी मशीन हाय व्हय?"

दुसऱ्यांदा हात सैल ठेवले, तर नजर हातांवरून हटेना. मशीनवर ती हटवायचीच नसते. मॅडम तिकडून सांगत होत्या, "भाऊ, वर बघा, समोर बघा." मी खाली बघतच चार पावलं पुढं गेलो आणि काकूंना मागं ढकलत पाण्याच्या जारवर नेऊन आदळलं. जार आडवा झाला. हॉलभर पाणी. काकूंनी भिंत धरली म्हणून वाचल्या.

मॅडम धावत आल्या. कुणी मला काही बोललं नाही. उलट मॅडम म्हणाल्या, "होतं असं. या, फळ्यावर परत समजावते." फळ्यावर त्यांनी पावलांच्या खुणा काढल्या होत्या. त्यांनी खडू माझ्यापुढं धरला. "पुढचं पाऊल तुम्ही दाखवा."

आठवीत असाच खडू हातात आला होता. गणित सुटेना, वर्ग हसत होता. पाणी पिऊन येतो म्हणून मी बाहेर पडलो आणि थेट घरी गेलो. दप्तर दुसऱ्या दिवशी धाकट्या भावानं आणलं. मला कुणी बोलवायला आलं नाही, मीही गेलो नाही. शाळा तेवढ्यावर संपली.

आताही मी तेच केलं. "आलोच," म्हणालो, बूट हातात घेतले आणि जिना उतरायला लागलो. अर्ध्यावर असताना वरून आवाज आला.

"ए बाबा! कुठं निगाला? पानी कोन पुसनार?"

कठड्यावरून काकू वाकून बघत होत्या. रागावल्या असत्या तर मी गेलो असतो. पण पाणी मी सांडलं होतं आणि ते पुसायला गुडघ्याला पट्टा बांधलेली बाई थांबली होती. मी परत चढलो. एका टोकाला त्या, दुसऱ्या टोकाला मी, ओल्या फडक्यांनी फरशी पुसत होतो.

"काकू, लागलं का?"

"लागलं न्हाई. पन मला पाठीला डोळं न्हाईत. मी मागं चालते, तवा तू बगायचं. कंपनीत जड काय उचलता का न्हाई दोगं दोगं?"

आणि मला एकदम पत्रा आठवला. मोठा पत्रा आम्ही दोघं मिळून नेतो. एकजण उलटा चालतो. प्रेसच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून पुढं बघणारा पत्र्यातूनच सांगतो. जरा दाबला की थांब, जरा डावीकडं ओढला की वळ. उलटा चालणारा मान वळवत नाही, त्याचा आपल्यावर भरवसा असतो. हे काम मी रोज करत होतो. सहा वर्षांत एकदाही कुणाला आपटलं नव्हतं.

काकूंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग मी पत्रा हाय आसं समज."

"पत्रा नाही, काकू. पलीकडचा माणूस."

"त्ये बी चालंल. ऊठ."

त्या दिवशी आम्ही हॉलच्या दोन फेऱ्या मारल्या, सावकाश, गाण्याच्या मागं पडत. कुठंही धडकलो नाही. आणि मी खाली बघितलं नाही, कारण मला काकूंच्या मागचं बघायचं होतं.

नंतर मी दर सोमवारी आणि गुरुवारच्या सुट्टीला जात राहिलो. पहिल्यांदा येणाऱ्यांना मॅडम आता माझ्याकडं पाठवतात, तेव्हा मी सांगतो: नखं कापून या, जेवणात कच्चा कांदा टाळा, चुकलं की दरवेळी सॉरी म्हणत थांबू नका, त्यानं समोरच्याची लय जाते. मध्येच निघून जाऊ वाटलं तर जा, पण बूट वरच ठेवून जा.

लग्नात स्टेज लहान होतं. मागच्या बाजूला स्पीकरच्या वायरी पडलेल्या आणि पुढच्या कडेला नुसता पडदा, खाली फळी नव्हती. ती वायरींकडं पाठ करून उभी होती. ती हळूच म्हणाली, "मागं काय आहे?" मी म्हणालो, "वायर आहे, मी बघतोय." हात जरासा डावीकडं घेतला, ती वळली. आम्ही फार काही केलं नाही. चार पावलं, एक गिरकी, पुन्हा चार पावलं. मावसबहिणी मोबाइल वर धरून शूटिंग करत होत्या. उतरताना त्यातली एक म्हणाली, "दाजी, आम्हाला पण शिकवा ना." माझ्या बायकोनं मान ताठ ठेवून पदर सावरला. मला तेवढंच पाहिजे होतं.

परत आल्यावर पेढे घेऊन आम्ही दोघं क्लासला गेलो. काकूंनी तिच्याकडं पाहिलं, पेढा तोंडात टाकला आणि मला म्हणाल्या, "आता तू मागं चाल. तिला नेऊ दे."

दोन पावलं गेलो आणि माझी मान आपोआप मागं वळली.

"म्होरं बग!" काकू ओरडल्या.

"जार आहे ना तिकडं, काकू."

"मला दिसतोय," बायको म्हणाली आणि तिनं माझा हात जरा उजवीकडं ओढला.