रिकाम्या खोलीपुढे केसर

आतून उत्तर आल्याशिवाय दार उघडायचं नाही, एवढी एक गोष्ट केसरला दोनदा नापास करून शिकवली होती.

चौलमधल्या एका केंद्रात दिव्यांग प्रौढांना नोकरीसाठी तयार करतात. केसर तिथंच शिकायची, एकोणतीस वर्षांची. बोललेलं तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, पण एकदा पोचलं की ते निघत नाही. चौथीत शाळेनं तिला घरी पाठवलं. तेव्हापासून ती आईबरोबर, भिमाबाईबरोबर, लोकांच्या वाड्यांत सुपाऱ्या सोलत होती. गावानं तिला 'मंद' असं नाव ठेवलं होतं, आणि ते नाव परत घ्यायची कुणाला घाई नव्हती.

केंद्राच्या हॉलमध्ये प्लायवूड लावून हॉटेलची एक खोटी खोली केली होती. आत खुर्ची टाकून तिथं शिकवणारे कुलदीप सर पाहुणे होऊन बसायचे. तीनदा टकटक करायची, "रूम साफ करायला आलेय" म्हणायचं, सर "या" म्हणाले की आत जायचं. पहिल्या वर्षी केसर 'या' यायच्या आधीच आत शिरली. दुसऱ्या वर्षीही शिरली. तिसऱ्या वर्षी तिनं दारापुढे श्वास रोखून धरला आणि ती पास झाली. आता नागावच्या एका होमस्टेवर आठ दिवस काम करून दाखवायचं होतं. तिथून परत पाठवलं तर केंद्राच्या यादीतून नाव कायमचं जाणार होतं.

पहिल्या सकाळी भिमाबाईनं तिला फाटकापर्यंत सोडलं. "डोकं चालवू नको. शिकवलंय तेवढंच कर," ती म्हणाली. "न्हाय तर सुपाऱ्या हायेतच."

मालकीण श्यामलाकाकूंनी तिला नखशिखान्त पाहिलं. हातात चार खोल्यांच्या चाव्या, बादली आणि चादरी दिल्या. "दीडच्या आत आटप," म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. साडेअकराला बाहेर येऊन बघतात तर केसर पहिल्याच खोलीपुढे उभी. चादरी हातावर, घडीसुद्धा मोडलेली नाही.

"हे काय चाललंय?"

"थांबलेय."

"कशासाठी?"

"पाहुणे 'या' म्हणाले न्हाईत."

"अगं, पाहुणे तिकडे समुद्रात बनाना राइडवर बसलेत! तिथून ओरडतील का 'या' म्हणून?"

दीड तास ती थांबून थांबून टकटक करत होती. बोटांची पेरं लाल झाली होती.

काकूंनी केंद्राला फोन लावला. "तुमची मुलगी घेऊन जा." कुलदीप सर स्कूटरवरून आले ते फॉर्म हातात घेऊनच. ओट्यावर टेकून त्यांनी पेन काढलं आणि लिहायला घेतलं: 'सूचना समजत नाहीत.'

"समजतात," केसर म्हणाली.

"मग दीड तास काय करत होतीस?"

"तुमी सांगितलेलं."

"खोली रिकामी आहे, एवढं कळायला नको?"

"आत तुमीच असायचात. रिकामी खोली कधी दाखवली न्हाय."

सरांचं पेन थांबलं. काकू हसल्या, पण ते हसणं कुणाला जवळ घेणारं नव्हतं. "वा सर! पाहुणा पलंगावर बसलेला असताना खोली कोण झाडतं हो? तुमच्या घरी झाडतात?"

"मॅडम, ही साधी अकलेची गोष्ट आहे. ती शिकवावी लागत नाही."

"सगळं आपोआप येत असतं तर ती तुमच्याकडे तीन वर्षं आली असती? आणि हिचंही कौतुक नको. माझे पाहुणे आता येतील, आणि खोल्या तशाच पडल्यात."

दोघं भांडत होती. केसर मध्येच म्हणाली, "काकू, उत्तर न्हाय आलं तर किती थांबू?"

"दहा मोज आणि लाव चावी!" काकू तिच्याकडे न बघताच खेकसल्या.

केसर वळली. तीन टकटक. "रूम साफ करायला आलेय." मग तिनं मोठ्यानं मोजलं, एकेक आकडा सुपारीसारखा सोलून बाजूला ठेवावा तसा. दहा झाल्यावर कुलूप उघडलं.

पाहुणे दीडला आले, अंगभर वाळू घेऊन. तीन खोल्या झाल्या होत्या, चौथीचं बाथरूम राहिलं होतं. "अजून झालं नाही? पैसे कशाचे घेता?" त्यातला एक ओरडला. काकूंनी त्याला ओट्यावर बसवलं आणि स्वतः खोल्या पाहिल्या. चादरीचं टोक ओढलं, उशी उलटी केली, पलंगाखाली वाकल्या. काही सापडेना, म्हणून आरशावर बोट फिरवलं. "हा डाग कुणी पुसायचा?"

केसरनं तो पुसला.

"ठेवतेय मी हिला," बाहेर येऊन काकू सरांना म्हणाल्या. "उद्या आठला यायचं. उशीर झाला तर फाटकातूनच परत. आणि तुम्ही मात्र आणखी कुणाला पाठवू नका. मला शाळा चालवायची नाही."

सरांनी फॉर्म घडी करून खिशात घातला. चेहरा सावरला, मोबाइल काढला. "केसर, मॅडमच्या शेजारी उभी राहा. केंद्रात लावायला फोटो घेऊ."

"मला वेळ न्हाय," काकू आत निघून गेल्या.

"बरं, मग एकटीच. इकडे बघ."

केसरनं बघितलं, पण हसली नाही. "केंद्रात अजून राही हाय, अल्पेश हाय, शिकतायत. त्यांना आधी रिकामी खोली दाखवा."

"तुला आता फारच बोलता यायला लागलं."

"व्हय," ती म्हणाली आणि बादली उचलून चौथ्या खोलीच्या बाथरूममध्ये गेली.