लोखंडी खलबत्त्यातलं युरोपियम

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत युरोपियम नावाच्या धातूची संयुगं बनवायचे. पूड दिसायला मैद्यासारखी, पण अतिनील दिव्याखाली धरली की लालभडक पेटायची. पहिल्यांदा पेटली तेव्हा सगळे बघायला जमले. कर्जतजवळच्या भिसेगावच्या बौद्ध वस्तीतली, घरात पहिलीच कॉलेजला गेलेली मुलगी मी. त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते.

उजेडाचं झालं, चुंबकत्व मोजायचं राहिलं. पूड बारीक कुटून काचेच्या नळीत ठासायची, नळी तराजूला टांगून चुंबकाच्या दोन टोकांमध्ये सोडायची आणि वजन किती वाढतं ते बघायचं. युरोपियमला चुंबक बेताचाच ओढतो. सोमवारी तराजूवर माझी पाळी होती आणि कुटायचा अकीकाचा, म्हणजे कठीण गुळगुळीत दगडाचा, खल दुसऱ्याने अडवून ठेवलेला. मला दम कुठला? शनिवारी पूड घेऊन घरी आले आणि आईच्या लोखंडी खलबत्त्यात कुटली. लसणाचा वास राहू नये म्हणून आईने तो राखेने दोनदा घासून, उन्हात वाळवून दिला होता.

सोमवारी वजन भलतंच वाढलं. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, यात लोखंड शिरलंय. उजेड खरा, पण वजन खोटं. पूड कशात कुटली, असं त्यांनी विचारलं. खलबत्ता माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. पण त्या खोलीत त्याचं नाव काढायची मला लाज वाटली. ज्यात चटणी कुटतात त्यात हिने विज्ञान कुटलं म्हणून वर्षभर हसतील, आणि मागे म्हणतील, असल्या घरातून आल्यावर दुसरं काय होणार. मी म्हणाले, कुटली अकीकाच्या खलातच. नळी नीट धुतलेली नसेल.

नळ्या धुवायचा एक मदतनीस होता, कर्जतकडच्याच कोंडाणे लेण्यांजवळच्या ठाकरवाडीचा, पन्नाशी उलटलेला. मी दिसले की चारचौघांत विचारायचा, काय गं ताई, कर्जतला गेलतीस का? मी त्याला पुस्तकी भाषेत तुटक उत्तर द्यायचे. आम्ही एकाच मुलखातले हे कुणाला कळू नये असं मला वाटायचं. म्हणून त्याच्यावर ढकलणं सोपं गेलं. तो तिथेच उभा होता. त्याने मान खाली घालून ती नळी उचलली आणि धुवायला नेली. आठवड्याभरात त्याला गोदामात पेट्या उचलायला पाठवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर मी. पुढे मी अकीकाच्या खलात नवी पूड कुटली, आकडा बरोबर आला, प्रबंधही झाला.

तो निवृत्त होऊन गावी परतल्यावर मी माफी मागायला त्याच्या वाडीवर गेले. त्याने अंगणात बसवलं, कोरा चहा दिला. मी अडखळत खलबत्त्याचं सांगायला लागले, तर त्याने मला मध्येच थांबवलं.

"ठावं हाय मला. तवाच नळीला लोहचुंबक लावून बगितला. काळी भुकटी काचेला चिकटली. आमच्या खलबत्त्यातनं बी तशीच निगते."

मग त्या दिवशी बोलला का नाहीस, मी विचारलं.

"काय बोलू गं? तुजी आय कशात कुटती ते त्या सायबांना सांगू?"

माफीची वाक्यं मी वाटेत जुळवून आणली होती. चहा संपवून, ती तशीच परत घेऊन मी उठले.

आई मात्र वस्तीत येईल त्याला सांगायची, लेकीची ती लाल उजेडाची पूड माझ्या खलबत्त्यात कुटलेली. तिला त्याचा केवढा अभिमान. सर पुढे कितीतरी वर्षं होते, भेटतही होते. त्यांना मी ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.