गाडीतल्या रेडिओची खरखर

मी सर्वांत जास्त कोणाचा ऋणी असेन, तर धायरीतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनचा. त्यांना मी काका म्हणतो. यवतमाळकडच्या तालुक्याच्या गावातून इंजिनिअरिंगसाठी पुण्यात आलो, तेव्हा त्यांच्या दुकानामागची खोली मला भाड्यानं मिळाली. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. पुस्तकातली सर्किटं मला पाठ होती, पण गाडीचं बॉनेट उघडलं की त्यातलं एकही ओळखू यायचं नाही. काका हसायचे. "काय इंजिनिअर, ह्यात तुझं पुस्तक कुठं हाय?" असं म्हणायचे आणि हातातलं काम थांबवून दाखवायचे.

गाडीतला रेडिओ खरखरायला लागला तर आधी पक्कड उचलायची नाही, आधी ऐकायचं, ही त्यांची शिकवण. ॲक्सिलरेटर दाबल्यावर आवाज चढला, तर दोष इंजिनाकडचा. एकसारखा राहिला, तर गाडीतलं एखादं विजेचं उपकरण रेडिओला छळतंय. मग एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला आवाज थांबेल, तिथं चोर. नोकरीच्या मुलाखतीत मला साधारण हाच प्रश्न आला. मी काकांचं उत्तर जसंच्या तसं दिलं, आणि गाड्यांतली इलेक्ट्रॉनिक उपकरणं तपासणाऱ्या कंपनीत मला जागा मिळाली. पेढे द्यायला गेलो तर म्हणाले, "म्हंजी आता गाड्यांत नवी भुतं तू बसवणार, अन् उतरवायची आम्ही!"

पुढे मी कोथरूडला राहायला गेलो. काही वर्षांनी जुनी का होईना, गाडी घेतली. तिच्यातला रेडिओ काकांनी स्वतः बसवला, दुकानात हाताखाली असलेल्या आपल्या मुलालाही हात लावू दिला नाही. मीडियम वेव्हवरच्या सकाळच्या बातम्या ऐकायची मला घरापासूनची सवय. दोन महिने रेडिओ छान चालला आणि मग त्याच्यात खरखर सुरू झाली.

गाडी काकांकडे सोडून मी बसनं ऑफिसला गेलो. संध्याकाळी ते म्हणाले, "मला तर काय ऐकू आलं न्हाय. तरी अर्थिंगची वायर घासून आवळलीय." मी घाईत किल्ली घेतली. सिंहगड रोडला लागलो तोवर खरखर हजर. पुढच्या आठवड्यातही "आवाज न्हाय" म्हणत त्यांनी अख्खा डॅशबोर्ड उतरवला आणि एरियलची वायर बदलली. घरी जाताना पुन्हा तेच.

तिसऱ्यांदा गेलो तो शनिवार होता. दुकानापुढे चार-पाच गिऱ्हाइकं उभी होती. काका गाडीत बसले, रेडिओ लावला, कान जवळ नेला.

"ऐक की. कुठं हाय आवाज?"

मी बाहेर उभा होतो. रस्त्यावर ट्रकची रांग लागलेली. वाकून ऐकायचेही कष्ट मी घेतले नाहीत. म्हणालो, "काका, आवाज आहेच. तुम्ही आता कान तपासून घ्या."

गिऱ्हाइकं हसली. एकानं "वय झालं की, काका!" अशी पुस्ती जोडली. काकांनी रेडिओ बंद केला. "असंल. तुम्ही कंपनीतली माणसं, तुम्हाला बारीक ऐकू येत असंल." इतक्या वर्षांत ते मला पहिल्यांदा 'तुम्ही' म्हणाले. ते मला तेव्हाही कळलं होतं.

महिन्याभरानं एकदा गाडीत लावायचा मोबाईलचा चार्जर खिशातून काढून ऑफिसच्या टेबलावर ठेवला आणि तिथंच विसरलो. दुसऱ्या दिवशी घरापासून ऑफिसपर्यंत रेडिओ स्वच्छ. परतताना चार्जर लावला आणि खरखर सुरू झाली. काढला, थांबली. खरखर सुरू झाली त्याच सुमारास सिग्नलवर विकत घेतलेला स्वस्तातला चार्जर तो. असल्याच वस्तूंचे दोष शोधण्यासाठी कंपनी मला पगार देत होती.

काकांना तो कधीच का सापडला नाही, तेही लगेच उमगलं. वडील सांगायचे, दुसऱ्याच्या दारात वस्तू ठेवायची तर आपलं बारीकसारीक सामान आधी उचलून घ्यावं, म्हणजे मागाहून कोणावर संशय घ्यायची वेळ येत नाही. त्या सवयीनं मी दर वेळी फोन आणि चार्जर खिशात घालून मगच किल्ली त्यांच्या हातात देत होतो.

त्याच संध्याकाळी धायरीला जायला हवं होतं. मी नवा चार्जर घेतला आणि दिवाळीत फराळ द्यायला जाऊ तेव्हा सांगू, असं ठरवलं.

दिवाळीत गेलो. चहा आला. तेवढ्यात एक जीपवाला रेडिओची तक्रार घेऊन आला. काका त्याला म्हणाले, "ते काम सोडलं मी. कान ऱ्हायलं न्हाईत." मग दुसऱ्या एका गाडीजवळ मुलाला हाक मारून म्हणाले, "तू ऐक रे जरा, बेअरिंग वाजतंय का." मुलगा वाकून ऐकत होता आणि काका त्याच्या तोंडाकडे बघत उभे होते.

माझ्या हातात कप होता. मी म्हणालो, "चकल्या खाऊन बघा, आईनं पाठवल्यात." आणि उठलो.

फोनवर मी पुन्हा असंच काहीतरी बोललो असतो, म्हणून चार दिवसांनी पत्र लिहिलं. ते असं:

"काका,

तुमचे कान शाबूत आहेत. खरखर माझ्या मोबाईलच्या चार्जरची होती. तुमच्या दारात गाडी उभी केली की मी तो काढून खिशात घालत होतो, त्यामुळे तुमच्यापुढे रेडिओ खरोखरच स्वच्छ वाजत होता. तुम्ही तीनदा बरोबर सांगितलंत आणि मी तीनदा चूक ठरवलं.

हे मला दिवाळीच्या कितीतरी आधी कळलं होतं. चहा पितानाही माहीत होतं. सांगायची लाज वाटली, कारण हेच माझं काम आहे आणि ते मला तुम्ही शिकवलंत. त्या लाजेपायी तुम्हाला इतके दिवस स्वतःच्या कानांवर संशय घेत ठेवलं. ही चूक चार्जरच्या चुकीपेक्षा मोठी आहे.

शनिवारची गिऱ्हाइकं मला परत गोळा करता येणार नाहीत. म्हणून विनंती आहे, दुकानात चार माणसं असताना हे पत्र मुलाकडून मोठ्यानं वाचून घ्या. मी रविवारी येतो. तुम्हाला काय बोलायचं असेल ते सगळ्यांसमोर बोला. पण तोवर तो जीपवाला परत आला, तर त्याचा रेडिओ तुम्हीच बघा."