आडवी केलेली मोटरसायकल

शिंपीकाकांनी आयुष्यभर लोकांची मापं घेतली. तेव्हा जुनी मोटरसायकल बघायला जातानाही गळ्यात टेप होतीच. सीटची उंची किती, आपला पाय किती, हे त्यांनी दोनदा मोजलं. दोन्ही पाय जमिनीला टेकत होते. डोंगरातल्या कच्च्या वाटांसाठी केलेली, पण त्या जातीत हलकी अशी ही गाडी तीन वर्षं त्यांच्या मनात घर करून होती. आठ दिवस दुकानाला कुलूप लावायचं आणि एकट्याने डोंगर पालथे घालायचे, असा बेत होता.

बेताला बायकोची अट एकच. वाटेत गाडी पडली तर काकांना ती एकट्याने उभी करता आली पाहिजे. नाहीतर गाडीचं नाव काढायचं नाही. तीस वर्षं नर्सची नोकरी केलेल्या बाईपुढे कोण बोलणार? अट पारखायला ती स्वतः आली होती.

"जरा आडवी करू का?" काकांनी विचारलं.

गाडीचा मालक दातांचा डॉक्टर. लोकांच्या दाढा बिनदिक्कत उपटणाऱ्या त्या माणसाचा चेहरा पडला. "आडवी कशाला?"

"उभी करून बघायला," बायको म्हणाली.

डॉक्टरने निमूटपणे जुनी गादी आणून अंथरली. तिघांनी मिळून गाडी तिच्यावर निजवली.

काकांनी हँडल धरून ओढलं. गाडी ढिम्म हलेना. पुन्हा ओढलं, तर टेपच गळ्यातून खाली पडली. त्या टेपने सगळं मोजलं होतं, वजन तेवढं राहिलं होतं. काका गादीच्या कडेला बसले. त्यांना फार वाईट वाटलं आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

"राहू द्या, डॉक्टर. नाही जमणार."

बायकोने आपली पर्स त्यांच्या मांडीवर ठेवली. "अहो, पेशंटला कधी नुसत्या हातांनी उचलतात का?"

तिने गाडीकडे पाठ केली, गुडघे वाकवले, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने सीटची कड धरली आणि पायांच्या जोरावर मागे रेटत उठली. गाडी उभी.

"असं होय!" काका उठले. "आता मी करतो. पुन्हा आडवी करा."

"काही गरज नाही," ती पदर सावरत म्हणाली. "उचलायला मी येतेय ना."

एकट्याचा बेत मोडला, याचं काकांना मुळीच वाईट वाटलं नाही. त्यांनी खाली पडलेली टेप उचलली आणि ते मागच्या सीटचं माप घ्यायला लागले.