फिर्याद वाचून दाखवली तेव्हा

ती दुपार आठवली की आजही मी खुर्चीत ताठ बसतो. वर्धा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. शेतातून परतणाऱ्या एका बाईच्या गळ्यातली सोन्याची पोत कोणीतरी हिसकावली होती. हवालदार संगणकावर तिची फिर्याद घेत होते; त्यातलं वर्णन त्यांनी आसपासच्या गावांत कळवलंही होतं. तेवढ्यात फोनवर खबर आली: एक अनोळखी, सडपातळ माणूस नाल्याकाठी पायी फिरतोय. शिपायांनी त्याला आणलं. जंगलात डिंक गोळा करणारा गोंड मजूर, हातांवर ओरखडे.

"साहेब, अर्ध्या तासात केस फुटली!" हवालदार खुशीत होते.

"फिर्याद बाईंना वाचून दाखवली?"

नव्हती. मीच वाचू लागलो. "पायी आलेल्या सडपातळ, अनोळखी इसमाने पाठीमागून येऊन..."

"असं मी कुठं म्हटलं जी?" बाई उभीच राहिली. "तो गाडीवर होता. समोरून आला. काकू, केळझरले रस्ता कोणता, म्हणे. अन् पोत ओढली. मी त्याच्या डाव्या मनगटाले कचकून चावली!"

"हे आधी का नाही सांगितलं?"

"कोणी विचारलंच नाई. दादा आपले लिहून राह्यले होते."

हवालदारांनी जुन्या गुन्ह्याची फिर्याद उघडून नावं तेवढी बदलली होती! मजुराचं मनगट पाहिलं. काट्यांचे ओरखडे होते, दातांची खूण नव्हती.

नवी फिर्याद मी स्वतः घेतली. कधी, कुठे, कोण, कसं, सगळं तिच्याच शब्दांत. वाचून दाखवली, मग सही. लगेच आसपासच्या दवाखान्यांना फोन लावले. तासाभरात एका डॉक्टरांचा उलट फोन आला: "इंजेक्शनला एक जण बसलाय. कुत्रं चावलं म्हणतो, पण दात माणसाचे दिसतात."

जीप काढून मी थेट तो दवाखाना गाठला.

"कुत्रं कुठे चावलं?" मी त्याला विचारलं.

"बसस्टँडवर."

थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं.

"घरापाशी, साहेब."

"चावण्याआधी त्या कुत्र्याला केळझरचा रस्ता विचारला होतास का?"

त्याने मान खाली घालून गाडीची किल्ली पुढे केली. पोत गाडीच्या सीटखाली निघाली.

ठाण्यात मजूर अजून बाकावर होता. "जाऊ काय साहेब? बायको वाट पाहून राह्यली." मी त्याची माफी मागितली आणि त्याला जीपने घरी पोचवलं.

पुढे प्रत्येक नव्या शिपायाला मी हेच शिकवलं. आधी पूर्ण ऐका, आपले शब्द घालू नका, सहीपूर्वी वाचून दाखवा. ती पाच मिनिटं वाचवली असती, तर एक निरपराध माणूस माझ्याच सहीने कोठडीत गेला असता.