चौकातला उडालेला पट्टा

आमच्या ह्यांना कामावर सगळे 'फूटपट्टी' म्हणतात. रस्त्यावर पांढरे पट्टे मारायचं काम, उभा जन्म त्यातच गेला. रंगाची गाडीही हेच चालवतात. स्कूटरवर मागे बसलं की प्रत्येक सिग्नलला माझी शिकवणी सुरू. "हा बघ, हा माझा. धार बघ, धार!" मी म्हणायची, "अहो, हिरवा झाला, चला आता!" मागचे हॉर्न वाजवून दमायचे, पण ह्यांचं कौतुक काही संपायचं नाही.

फक्त दवाखान्याजवळच्या चौकात हा माणूस खाली बघत नसे. तिथे आलं की आभाळाकडे बघायचं, नाहीतर समोरच्या दुकानाची पाटी वाचायची. मला वाटायचं, दमले असतील.

नेमकं तिथेच कॅमेऱ्याने ह्यांना पकडलं. फोटोसकट नोटीस घरी आली: लाल दिवा असताना थांबायचा पट्टा ओलांडला. फोटोत हे वर बघतायत आणि मी मागे बसून जांभई देतेय. दंडाचं एवढं काही नव्हतं. पण आधीच्या दोन पावत्या ह्यांच्या नावावर होत्या, आणि तिसरी पक्की झाली की लायसन्स सहा महिने जप्त. लायसन्स नाही म्हणजे रंगाची गाडी चालवता येणार नाही, आणि मग ठेकेदार ह्यांना घरी बसवून दुसरा माणूस घेणार. या वयात परत कोण कामावर ठेवतंय?

माझा धाकटा भाऊ कोर्टात टायपिस्ट आहे. तो नोटीस वाचून हसायलाच लागला. "दाजी, त्या चौकात पट्टा आहेच कुठे? सगळा उडालाय. फोटो काढा, कोर्टात दाखवा. दोन मिनिटांत सुटाल."

मी नाचायचीच काय ती बाकी होते. हे मात्र कपातला चहा ढवळत राहिले. म्हणाले, "दंड भरून टाकू."

"डोकंबिकं फिरलंय का तुमचं? नोकरी जाईल!" मग माझी जीभ सुटली ती सुटलीच. "आणि तो पट्टा मारणारा कोण मेला असेल, त्यालाच धरून उभा केला पाहिजे कोर्टात. फुकटचा पगार खातात नुसते. तुमचे पट्टे बघा आणि ह्याचा बघा!"

ह्यांनी हातातला कप खाली ठेवला. "मीच मारलाय तो."

भाऊ खिडकीबाहेर बघायला लागला. हे फरशीकडे बघत सांगत होते. रविवार होता, रस्ता ओला होता. ओल्या रस्त्याला रंग धरत नाही, सुकेपर्यंत थांबायचं असतं. पण टीव्हीवर मॅच होती, शेवटच्या ओव्हर्स चुकतील म्हणून तसाच ओतला आणि घरी आले. महिन्याभरात खपल्या निघाल्या.

"कोणाला कळलं नाही," हे म्हणाले. "पण मला तिथे खाली बघवत नाही. बघितलं असतं तर थांबलो नसतो का?"

मला ती मॅच आठवली. चहा मीच करून दिला होता. हरलो होतो वर.

"दाजी, पट्टा कोणी मारला हे कोर्टात कोण विचारतंय?" भाऊ म्हणाला. "तुम्ही फक्त म्हणा, दिसत नव्हता." मीही तेच धरून बसले. दोन दिवस ह्यांच्या मागे भुणभुण लावली. शेवटी हे तयार झाले, पण माझ्या तोंडाकडे बघून झाले, हे मला कळत होतं.

कोर्टाच्या व्हरांड्यात त्याच चौकात सापडलेले आणखी तिघं बसले होते. एक नर्सबाई, एक पार्सलवाला आणि एक निवृत्त मास्तर. ह्यांच्या हातातला फोटो बघून सगळे भोवती गोळा झाले.

"झोपेत मारला काय हो हा पट्टा?" पार्सलवाला म्हणाला.

"हात झडोत मेल्याचे!" नर्सबाई म्हणाली. "इथे यायचं म्हणून माझी रजा गेली."

"काका, तुम्हीच बोला आमच्या सगळ्यांच्या वतीने," पार्सलवाला म्हणाला. "तुम्हाला यातलं कळतंय असं दिसतंय." मास्तरांनीही मान डोलावली.

हे नुसतं "बरं" म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. मी पर्स उघडून त्यात उगाच काहीतरी शोधत राहिले. धरणीने पोटात घ्यावं असं वाटत होतं.

आत न्यायाधीश बाई होत्या. फोटो निरखून म्हणाल्या, "खरंच काही दिसत नाही. बोला, काय म्हणणं आहे?"

हे उभे राहिले. "या तिघांची काही चूक नाही, मॅडम. रस्ता ओला असताना पट्टा मारला, म्हणून उडाला."

"तुम्हाला कसं माहीत?"

दारात उभा असलेला भाऊ जोरजोरात मान हलवत होता. मी मनात म्हणत होते, अहो, कोणीतरी सांगितलं म्हणा, अंदाज आहे म्हणा, काहीही म्हणा!

"मीच मारला."

मागे पार्सलवाला फिस्सकन हसला. मग त्याला कळलं आणि त्याने तोंडावर हात ठेवला. बाईंनी तिघांचा दंड तिथल्या तिथे रद्द केला. मग ह्यांना विचारलं, तेही रागाने नाही. "यांना पट्टा दिसला नाही. पण तो कुठे आहे हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"हो, मॅडम. डोळे मिटून दाखवीन."

"मग तुमचा दंड मी कसा रद्द करू?"

"नका करू," हे म्हणाले.

लायसन्स तिथेच जमा झालं. बाहेर ते तिघं भेटले. नर्सबाई स्वतःच्या चपलांकडे बघत "येते, काका" म्हणाली आणि झपाझप निघून गेली. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं, बाकीचे पट्टे बघ ह्यांचे! पण मी पदरच नीट करत राहिले. मला ह्यांची लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू? आणि त्याहून जास्त माझी, कारण गप्प राहा म्हणून मागे लागले होते ती मीच.

स्कूटर चालवता येणार नव्हती, म्हणून दोघं ती ढकलत घरी निघालो. वाटेत तोच चौक, आणि दिवा लाल. हे कोऱ्या डांबरावर मध्येच थांबले. पुढचं चाक जरा मागे घेतलं, पुन्हा नीट लावलं. पुढे चांगली मोकळी जागा होती.

"ओ काका, पुढे घ्या की!" मागून एक गाडीवाला ओरडला.

ह्यांनी या वेळी खाली बघितलं. "इथे आहे," मला हळूच म्हणाले.

मी चप्पल चाकाच्या रेषेत आणली, आणि दिवा हिरवा होईपर्यंत आम्ही दोघं तिथे मान खाली घालून उभे राहिलो.